कोंबडीचा धंदा आमचा, इल्म मात्र परक्याचा!

बर्ड फ्लूची बातमी छापून आली की सर्वांत आधी कोणाचे शटर खाली येते? ज्यांच्या शेडमध्ये लाखांनी पक्षी आहेत त्या मोठ्या कंपन्यांचे नव्हे. त्यांच्या पदरी पगारी पशुवैद्य आहेत, शीतगृहे आहेत, बँका आहेत. शटर खाली येते ते नाक्यावरच्या दहा बाय दहाच्या चिकन सेंटरचे. त्याच्या मागोमाग पहाटे तीनला कोंबड्यांच्या जाळ्या वाहून आणणारा टेम्पोवाला घरी बसतो, जाळ्या बनविणारा कारागीर बसतो, कबाबची गाडी बंद पडते, बिर्याणीच्या देगी रिकाम्या राहतात. या साखळीत आमच्या बिरादरीचे हात किती आहेत, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आम्ही स्वतः कापडाच्या धंद्यातले. कोंबडीशी आमचे नाते दस्तरखानापुरते. तरीही हा विषय घ्यावासा वाटला, कारण माग बंद पडला की हाती थोडे भांडवल उरलेला पोरगा काय करतो ते आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहत आलो आहोत. तो चिकनचे दुकान टाकतो. भांडवल कमी, माल रोजचा, पैसा रोखीचा. ठीक आहे, मेहनतीची हलाल रोजी आहे. पण ज्या जिनसेचा आपण व्यापार करतो तिची माहिती किती? आमच्या पेढीवर साधा नोकर ठेवताना त्याला पॉपलीन आणि केम्ब्रिकमधला फरक कळतो का हे पाहिले जाते, सुताचा नंबर विचारला जातो. कोंबडीच्या दुकानात मात्र वजनकाटा आणि सुरी चालविता आली की माणूस तयार! पक्षी कशाने आजारी पडतो, काय खातो, कोणते औषध त्याच्या अंगात किती दिवस राहते, असे विचारले तर उत्तर एकच: "ते कंपनीवाल्यांना ठाऊक."

या अज्ञानाची किंमत आपण दर दोन-चार वर्षांनी रोख मोजत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००६ साल आठवा. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात कोंबड्या मरू लागल्या. प्रथम समजूत अशी झाली की ही नेहमीचीच मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी रोजी जाहीर झाले की हा एच५एन१ जातीचा बर्ड फ्लू आहे, भारतातील पहिलाच. लाखो पक्षी मारून पुरले गेले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही तोच प्रकार झाला. नवापुरात एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण नवापूर कोठे आहे हेही ज्याला ठाऊक नव्हते अशा शहरी ग्राहकाने कोंबडीकडे पाठ फिरविली. (पुढे २०२१ मध्ये दिल्लीच्या इस्पितळात एका मुलाचा या विषाणूने मृत्यू झाला, तेव्हा धोका मुळीच नाही असे म्हणणेही खोटेपणाचे होईल.)

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राणीखेत आणि बर्ड फ्लू ही दोन्ही दुखणी बाहेरून इतकी सारखी दिसतात की वीस वर्षे कोंबड्या पाळलेला माणूसही नुसत्या नजरेने फरक सांगू शकत नाही. धाप लागते, हिरवट पातळ विष्ठा होते, मान वाकडी होते, एकाएकी मरतूक वाढते. खरे काय ते प्रयोगशाळाच सांगते. नमुना पाठविण्यात जितके दिवस जातात तितके दिवस पक्षी, जाळ्या आणि टेम्पो गावोगाव फिरत राहतात आणि रोगही त्यांच्याबरोबर फिरतो.

२०२० च्या सुरुवातीस तर रोगही नव्हता, नुसती अफवा होती. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो असे मोबाईलवर कोणीतरी सोडून दिले आणि शेडवरचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेला. लोकांनी कोंबड्या अक्षरशः फुकट वाटल्या. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा आणि फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. २०२५ च्या आरंभी पुण्यात गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे दोनशेच्या वर रुग्ण निघाले, आणि पुन्हा बोट कोंबडीकडे! त्या रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, नोरोव्हायरस सापडला, दूषित पाण्याचीही मोठी चर्चा झाली. पण आमच्या दुकानदाराला ग्राहकाने विचारले, "चाचा, चिकन घेऊ का नको?" तर चाचांपाशी सांगण्यासारखे काय होते? "काही होत नाही, घेऊन जा," एवढेच. अशा उत्तरावर आजचा शिकलेला ग्राहक विश्वास ठेवीत नाही, आणि त्याचे चुकतेही नाही.

खरे उत्तर होते, आणि ते सांगता आले असते तर दुकानाची पत वाढली असती. कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू निरोगी कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो. पक्ष्याला काही होत नाही, पण तो कच्च्या मांसावाटे माणसाच्या पोटात गेला तर हगवण लागते, आणि क्वचित एखाद्याला पुढे तो मज्जातंतूंचा आजार होतो. नीट शिजविले की जंतू मरतो. बर्ड फ्लूचा विषाणूही मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजले की टिकत नाही, आणि आमच्या घरची कोंबडी त्याहून कितीतरी जास्त शिजते. मग धोका कोठे आहे? धोका लाकडी ठोकळ्यावर, सुरीवर आणि हातावर आहे. ज्या सुरीने आतडे काढले तिनेच बोनलेसचे तुकडे केले, त्याच हाताने नोट घेतली, आणि घरी बाईने त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरली, तर शिजविण्याचा उपयोग काय? दोन सुऱ्या, दोन ठोकळे आणि साबण. याला भांडवल कितीसे लागते?

आपल्या लोकांची समजूत अशी की पशुवैद्यकीय संशोधन म्हणजे पांढरे डगले आणि काचेच्या नळ्या. आपल्या बाजाराशी त्याचा काय संबंध? म्हणून हाँगकाँगचा किस्सा जरा सविस्तर सांगतो, कारण तो थेट आपल्यासारख्याच दुकानदारांचा आहे. १९९७ मध्ये तेथे एच५एन१ पहिल्यांदा माणसांत आला. १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. वर्षाच्या अखेरीस सरकारने शहरातील सगळी कोंबडी मारून टाकली. तेथेही आपल्यासारखीच जिवंत कोंबडी पसंत करून कापून घेण्याची रीत. दुकाने कायमची बंद करा असा आग्रह होताच. तथापि तेथील विद्यापीठाच्या व सरकारी खात्याच्या शास्त्रज्ञांनी बाजारातच जाऊन पिंजऱ्यांखालची विष्ठा आणि पाण्याची भांडी तपासली. त्यांना जे दिसले ते असे: विषाणू शेडवरून एकदा येतो आणि दुकानात घर करून राहतो. कारण दुकान कधी रिकामे होतच नाही. कालचे उरलेले चार पक्षी आजच्या नव्या पन्नासांत मिसळतात, त्यांतले उरलेले उद्याच्यांत. साखळी तुटत नाही. शिवाय बदके, बटेर आणि कोंबड्या एकमेकांशेजारी ठेवल्या की एकाचा विषाणू दुसऱ्यात जातो. बदक तर पुष्कळदा स्वतः आजारी न दिसता रोग वाहते.

म्हणून त्यांनी बदके आणि हंस कोंबड्यांपासून वेगळे केले, पुढे बटेरही जिवंत बाजारातून काढले. २००१ पासून महिन्यातून एक दिवस सगळ्या दुकानांना सक्तीचा 'आराम'. त्या दिवशी दुकानात एकही जिवंत पक्षी नको, सगळे धुऊन कोरडे करायचे. आरामाच्या आधी आणि नंतर नमुने तपासले तेव्हा एच९एन२ हा दुसरा फ्लूचा विषाणू लक्षणीय कमी झालेला दिसला. २००८ मध्ये रात्री जिवंत पक्षी दुकानात ठेवण्यासच बंदी आली.

आमच्या कापडाच्या दुकानात जुना ताका नव्या ताक्याशेजारी ठेवला तर फार तर धूळ लागते. कोंबडीच्या दुकानात हाच प्रकार रोगाचा कारखाना होतो. आणि पाहा, आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, ही शिकवण हदीसमध्ये चौदाशे वर्षांपूर्वीची आहे! ती आम्ही वाजमध्ये ऐकतो, मान डोलावतो, आणि दुकानात येऊन मलूल पक्षी नव्या जाळीत टाकतो.

आपल्याकडे तर हा आराम जवळपास फुकट मिळण्यासारखा आहे. महाराष्ट्रात सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी हे दिवस आमच्या धंद्याला थंड असतात, आणि श्रावण तर पुरा महिना. गिऱ्हाईक नाही म्हणून आपण त्या दिवशी कुरकुरत माशा मारीत बसतो. त्याऐवजी गल्लीतील सर्व दुकानांनी एकमताने आठवड्यातला एक थंड दिवस ठरवावा आणि त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत पक्षी संपवावेत. दुसऱ्या दिवशी जाळ्या रस्त्यावर काढून आधी साबणाच्या पाण्याने घासाव्यात, मग ब्लीचिंग पावडरचे पाणी मारावे आणि उन्हात वाळवाव्यात. क्रम महत्त्वाचा आहे. विष्ठा चिकटलेली असताना वर कितीही औषध ओतले तरी ते खालपर्यंत पोहोचत नाही. एकट्या दुकानदाराने करून मात्र फायदा थोडा. शेजारच्या जाळ्या भरलेल्या राहिल्या तर आठ दिवसांत पुन्हा तेच. येथेच संघटना लागते, आणि संघटना म्हटली की आमची मंडळी अध्यक्ष कोण यावरच अडतात!

आता राणीखेतकडे वळू. हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे नोंदला गेला, म्हणून जग त्याला न्यूकॅसल रोग म्हणते. लगेच पुढे तो कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेतला दिसला आणि आपल्याकडे त्या बिचाऱ्या गावाचेच नाव चिकटले. त्या डोंगरातच मुक्तेश्वर येथे पशुरोगांची सरकारी संशोधनशाळा होती. फार थोड्यांना ठाऊक असेल की ही संस्था मूळची आपल्या पुण्याची. १८८९ मध्ये ती पुण्यात निघाली, १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेली, आणि आज तिलाच बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणतात. मुक्तेश्वरच्या विषाणूपासून १९४० च्या दशकात तयार झालेली लस आजही मोठ्या कोंबड्यांना टोचली जाते. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब घालावयाची सौम्य लस वेगळी. पुण्यात औंधला राज्य सरकारची लसनिर्मिती संस्था आहे. म्हणजे लस आहे, ती आपल्या राज्यात बनते, आणि महागही नाही.

मग मोहल्ल्यातल्या कोंबड्या दर उन्हाळ्यात मानमोडीने का मरतात? कारण सोपे आहे. लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते. ती थंडीत ठेवावी लागते आणि पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत वापरावी लागते. ज्या विधवा बहिणीकडे बारा कोंबड्या आहेत ती शंभराची कुपी कशाला आणील? ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी खेड्यांसाठी उष्णता बरीच सहन करणारी राणीखेतची लस शोधली आणि आफ्रिकेतील मोझांबिक-टांझानियासारख्या देशांत ती गावकऱ्यांच्या हाती गेली. आपल्याकडे ती वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मोहल्ल्यात कोणाकडे किती कोंबड्या आहेत याची यादी करून, एका सकाळी, जनावरांच्या दवाखान्यातील डॉक्टरसाहेबांना बोलावून, एक कुपी दहा घरांत वाटता येते. मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून हरवलेल्या पोराचे एलान होते, तसे याचेही होऊ शकते. ज्यांचा संसार अंड्यांवर चालतो त्यांच्यासाठी ही खैरात नव्हे काय?

खाद्याचे प्रकरण याहून खोल आहे. कोंबडीपालनात शंभरातले साठ-सत्तर रुपये खाद्यावर जातात, हे पालक जाणतात. पण खाद्याचे ज्ञान आपल्याकडे "मका, पेंड आणि अल्लाची मर्जी" एवढेच. कोंबडीच्या खाद्याने माणसाच्या वैद्यकाला काय दिले हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. १८९० च्या सुमारास जावात आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या पाय लुळे पडण्याच्या रोगाचा जंतू शोधीत होता. त्याच्या कोंबड्याच लुळ्या पडू लागल्या. मग अचानक बऱ्याही झाल्या! चौकशी केली तेव्हा कळले की मधले काही महिने त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातून पांढराशुभ्र सडीक तांदूळ मिळत होता. नवा खानसामा आला, त्याने लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना घालण्यास साफ नकार दिला, आणि त्यांच्या वाट्याला पुन्हा हलका, कोंड्यासकटचा तांदूळ आला. रोग जंतूचा नव्हताच, कोंड्यात असलेल्या आणि सडण्यात निघून गेलेल्या सत्त्वाच्या कमतरतेचा होता. पुढे त्यालाच ब-१ जीवनसत्त्व म्हणू लागले आणि १९२९ मध्ये आइकमानला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या खानसाम्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

दुसरी हकिकत व्यापाऱ्यांनी तर पाठच करावी अशी. १९६० मध्ये इंग्लंडात लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. शास्त्रज्ञांना काही उलगडेना, म्हणून रोगाला नावही 'टर्की-एक्स' असे दिले. अखेर माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. पेंडीला बुरशी आली होती आणि त्या बुरशीने एक विष तयार केले होते. त्याला आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. पेंड आणि मका हे आपल्याकडचेही मुख्य खाद्य, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा! मक्यात ओल तेरा-चौदा टक्क्यांच्या वर राहिली, गोणी सरळ जमिनीवर टाकल्या, पत्र्यातून थेंब पडला, की बुरशी धरलीच. वरून बुरशी झटकून किंवा ऊन दाखवून हे विष जात नाही, शिजवूनही सहजी जात नाही. बदके आणि टर्की पटकन मरतात. कोंबडी पुष्कळदा मरत नाही, तेथेच फसगत होते. तिचे यकृत बिघडते, अंडी घटतात, वजन भरत नाही, आणि अंगातील प्रतिकारशक्ती इतकी खालावते की दिलेली लस लागू पडत नाही. मग पालक म्हणतो, "लस टोचली तरी मानमोडी आली, लसच बनावट." दोष लसीचा नसून पेंडीचा असू शकतो, हे त्याला कोण सांगणार?

पेंड आणि मका विकणारे आडते आमच्यात कमी नाहीत. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तो आतून ओला लागला. पावसाने भिजलेले धान्य व्यापाऱ्याने खाली दाबले होते. त्यावर त्यांनी जी ताकीद दिली ती प्रत्येक मदरशातील पोराला पाठ आहे. आम्हास वाटते, ओला मका कोरड्याखाली लपवून विकणारा आडत्या आज केवळ वजनात फसवीत नाही, तो दुसऱ्याच्या शेडमध्ये विष पोहोचवीत आहे.

आता औषधांबद्दल, कारण येथे आमच्या दुकानदाराचा संबंध थेट हलाल-हरामशी येतो. ब्रॉयलर चाळीस-एक दिवसांत दोन किलोचा होतो. त्याला सुई टोचून फुगवितात ही बाजारगप्प आहे. तो वाढतो निवडक पैदाशीमुळे आणि मोजूनमापून दिलेल्या खाद्यामुळे. परंतु प्रतिजैविक औषधांचा वापर ही गप्प नव्हे. रोग नसतानाही वाढीसाठी थोडेथोडे औषध खाद्यात मिसळण्याची प्रथा जगभर पडली. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि ते कोंबडीपुरते राहत नाहीत. युरोपने २००६ पासून वाढीसाठीचा हा वापर बंद केला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध खाद्य-प्राण्यांसाठी बनविण्यास व विकण्यास मनाई केली, कारण इस्पितळातल्या अत्यवस्थ माणसासाठी ते शेवटच्या औषधांपैकी एक आहे.

आजारी पक्ष्याला औषध देणे गुन्हा नाही. पण प्रत्येक औषधाला ठरलेली मुदत असते. शेवटच्या डोसानंतर तितके दिवस गेल्याशिवाय पक्षी कापावयाचा नसतो, अंडी विकावयाची नसतात. ही मुदत बाटलीवर छापलेली असते, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी किंवा मराठी सातवी झालेल्या पालकाने ती वाचावी कशी? आणि मरतूक वाढली की भीतीने आज औषध पाजायचे आणि उद्या गाडी भरायची, हा तर सर्रास प्रकार.

आमच्या फिकहच्या किताबांत 'जल्लाला'चा मसला आहे. घाण खाऊन जगणारे जनावर लगेच जबह करू नये. त्याला काही दिवस बांधून स्वच्छ चारा द्यावा, मग कापावे. कोंबडीसाठी तीन दिवसांची रिवायत आहे. फुकहांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण जनावराच्या पोटात गेलेले त्याच्या मांसात उतरते आणि ते निघून जाण्यास मुदत लागते, हा विचार त्यांनी पक्का केला होता. औषधाची मुदत म्हणजे याच मसल्याचे आजचे रूप, असे आम्ही समजतो. उलमांनी यावर बोलावे अशी आमची अदबीने विनंती आहे. सुरी फिरविताना तकबीर म्हटली की आपली जबाबदारी संपली, ही समजूत ग्राहकाच्या हक्काला धरून नाही. होलसेलरकडून बिलावर शेवटच्या औषधाची तारीख लिहून मागण्याचा हक्क दुकानदाराला आहे. पन्नास दुकाने एकदम मागू लागली तर होलसेलर लिहून देईल. एकट्याने मागितली तर दुसऱ्या दिवशी माल मिळणार नाही, हेही खरे.

आणि जाळीत मेलेल्या पक्ष्यांचे काय? मुर्दार हराम आहे यात दोन मते नाहीत. तरी ते कोठे जातात हे बाजार जाणतो. हलक्या हॉटेलांत किती गेले याचा हिशोब करणारे करोत. प्राणिसंग्रहालये, बचाव केंद्रे आणि कुत्र्यांच्या पैदासखान्यांना मांस पुरविण्याचे ठेकेही आमच्याच लोकांकडे असतात, आणि तेथे "जनावरालाच तर घालायचे आहे" हा विचार घातक ठरतो. ऑक्टोबर २००४ मध्ये थायलंडच्या श्रीराचा येथील व्याघ्र उद्यानात कच्च्या कोंबड्या खाल्ल्याने वाघांना बर्ड फ्लू झाला. मेलेले आणि मारावे लागलेले मिळून १४७ वाघ गेले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्या नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचे सांगितले, आणि संशय खाद्यातील कोंबडीवरच गेला. एक ठेका, एक बेफिकीर क्रेट, आणि देशभर बातमी! पिंजऱ्यातले पक्षी विकणाऱ्यांनीही हे कान देऊन ऐकावे. नुसत्या बाजरीवर ठेवलेल्या परदेशी पोपटाला 'अ' जीवनसत्त्व कमी पडते आणि तो नाका-घशाच्या दुखण्याने झुरतो. १९२९-३० मध्ये पोपटांच्या व्यापारातूनच शुकज्वर दक्षिण अमेरिकेहून युरोप-अमेरिकेत पसरला आणि माणसे मेली. आपला देशी मिठ्ठू तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाळताही येत नाही, विकण्याचे दूरच.

सरकारकडे आमची तक्रार आहे ती अशी. रोग निघाला की बाधित क्षेत्रातील मारलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र आणि राज्य मिळून देतात. ती योग्यच आहे. पण महिनाभर बंद राहिलेल्या दुकानाला, उभ्या टेम्पोला, रिकाम्या भट्टीला एक पैसा नाही. दुकानदार या व्यवस्थेच्या कोणत्याच रजिस्टरात नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची कॉलेजे मुंबईला परळमध्ये आहेत (ते तर १८८६ पासूनचे), नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे आहेत. पालकांसाठी ती शिबिरे घेतात. दुकानदारांसाठी, वाहतूकवाल्यांसाठी, मराठीत आणि जेथे जरूर तेथे उर्दूत, दोन दिवसांचे शिबिर आणि एक प्रमाणपत्र का असू नये? ते प्रमाणपत्र काचेत मढवून गल्ल्यामागे लावता येईल, आणि पुढची अफवा उठेल तेव्हा चाचांना सांगण्यासारखे काहीतरी असेल.

तोवर निदान एवढे ध्यानात ठेवावे. एकदोन दिवसांत नेहमीपेक्षा जास्त पक्षी मेले तर उरलेला माल घाईने विकून मोकळे होऊ नये आणि मेलेले पक्षी नाल्यात फेकू नयेत. २००९ च्या कायद्याने संसर्गजन्य रोगाची खबर देणे पालकावर बंधनकारक आहे, आणि त्यात त्याचाच फायदा आहे, कारण भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आपोआप मेलेल्यांची नाही. उशीर जितका, नुकसान तितके. खबर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर द्यावी. बर्ड फ्लूची शंका असेल तर मेलेला पक्षी पिशवीत घालून स्वतः बसने घेऊन निघू नये. डॉक्टर येऊन नमुना घेतात, बर्फात बांधून तो पुण्याला औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत आणि तेथून जरूर पडल्यास भोपाळला जातो. तोवर जाळ्या, टेम्पो आणि माणसे दुसऱ्या शेडवर जाऊ देऊ नयेत, मग सासऱ्याचे शेड असले तरी.